गोळी का थांबते?

आळंदी रस्त्यानं पुण्याकडून विश्रांतवाडीला येताना बसचा कंडक्टर एक थांबा पुकारतो, 'मेंटल हॉस्पिटल'. बसमध्ये कॉलेजची पोरं असली की हमखास कुणीतरी शेजारच्याला ढोसून म्हणतं, "ऊठ, तुझं आलं." सगळे हसतात. येरवड्याचं नाव दोन गोष्टींसाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तुरुंग आणि मनोरुग्णालय. त्यातल्या तुरुंगात गांधीजी राहून गेले, म्हणून त्याला थोडी प्रतिष्ठा तरी आहे. इस्पितळाच्या वाट्याला मात्र नुसता विनोद आला. 'याला येरवड्याला पाठवा' हे वाक्य पार नांदेड-लातूरकडेही ऐकलंय मी.

शंभर वर्षांहून जुनं, मंजूर खाटा २५४० असलेलं हे सरकारी रुग्णालय आमच्या विश्रांतवाडीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. बाह्यरुग्ण विभाग आहे, औषधं मिळतात. तरीही आमच्या भागातली कितीतरी माणसं मनाच्या आजाराची औषधं सुरू करतात आणि सोडून देतात. का सोडतात, हा आजचा विषय. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस आहे. पण माझ्या मावसभावाला बायपोलर आजार आहे आणि वीस-बावीस वर्षं त्याच्याबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसल्यानं काही गोष्टी मला कळल्या. त्यानं सांगायला परवानगी दिली आहे. नाव घ्यायचं नाही, एवढीच अट. घरात आम्ही त्याला भाईजान म्हणतो, इथंही तेच म्हणू.

आधी आजाराविषयी थोडं. पूर्वी याला 'मॅनिक डिप्रेशन' म्हणत. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या रोगांच्या यादीत 'बायपोलर' हे नाव घेतलं आणि पुढं तेच रूढ झालं. दोन टोकांचा आजार. एका टोकाला उन्माद असतो. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, आपल्याला अशक्य काहीच नाही असं वाटतं. दुसऱ्या टोकाला खोल उदासी. अंघोळ करणं म्हणजे डोंगर चढणं, आणि मरणाचे विचार. मधल्या काळात माणूस अगदी तुमच्या-आमच्यासारखा असतो. गोम इथंच आहे. मधला काळ चांगला गेला की घरचे म्हणतात, "बरा झालाय की आता, गोळ्या कशाला?" ताप उतरला की औषध थांबवायचं, हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. पण इथं गोळी आलेला ताप उतरवण्यापुरती नसते, पुढचा ताप येऊ नये म्हणूनही असते. ब्लडप्रेशरची गोळी जशी रोज, तशीच ही.

या आजारावरचं सर्वांत जुनं आणि आजही मानाचं औषध म्हणजे लिथियम. त्याची कथा सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळच्या एका इस्पितळात जॉन केड नावाचे डॉक्टर होते. १९४८ साली त्यांनी ५१ वर्षांच्या एका रुग्णाला लिथियमचे क्षार द्यायला सुरुवात केली. हा माणूस पाच वर्षं सतत उन्मादात होता. काही आठवड्यांत तो शांत झाला आणि काही महिन्यांत घरी जाऊन पुन्हा आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. केड यांनी १९४९ साली हे प्रसिद्ध केलं. लिथियमच्या इतिहासातला हा पहिला यशस्वी रुग्ण. आणि मंडळी, त्यानं घरी गेल्यावर काय केलं असेल? गोळ्या सोडल्या! बरं वाटतंय, मग कशाला? आजार उलटला, पुन्हा इस्पितळात आला. तेव्हा गोळी सोडणं हे काही फक्त आपल्याकडच्या अडाणीपणाचं लक्षण नाही. औषधाचा आणि औषध सोडण्याचा इतिहास एकाच माणसापासून सुरू होतो.

त्या माणसाचा शेवटही सांगायला हवा. १९५० साली तो लिथियमच्या विषबाधेनं गेला. त्या काळी रक्तातलं लिथियम मोजण्याची सोय रुळलेली नव्हती. आज ती आहे. रक्तात ते साधारण ०.६ ते १.० या पातळीत ठेवतात. दीडच्या वर गेलं की धोका. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. आमच्या भाईजाननं पहिल्या वेळी सकाळची गोळी घेऊनच लॅबमध्ये हात पुढं केला होता, आकडा बघून सगळे हादरले. मूत्रपिंड आणि थायरॉइडही अधूनमधून तपासावी लागतात. 'या गोळीनं किडनी जाते' असं नातेवाईक सांगतात, त्यात भीती जास्त असली तरी मुळात काहीच नाही असं नव्हे. उत्तर आहे ते तपासणी. गोळी गुपचूप गटारात टाकणं हे उत्तर नव्हे.

लिथियमचं आपल्या स्वयंपाकघराशी नातं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शरीर लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं कमी करतं आणि रक्तात ते साठत जातं. आता आपल्याकडचं वर्ष डोळ्यांपुढं आणा. मे महिन्याचा घाम, जुलाब-उलट्यांची साथ, अळणी उपवास. सासऱ्यांना ब्लडप्रेशर निघालं म्हणून सबंध घराचं मीठ एकदम कमी झालेलं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक; त्यांनीही लिथियम वाढतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही वाढतं. ज्ञानोबांची पालखी दरवर्षी आमच्या विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते. त्या गर्दीत लिथियम घेणारे वारकरी नसतीलच असं कोण म्हणेल? त्यांनी पाणी पीत राहावं, मिठाचं खाणं तोडू नये, आणि हात फार थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणं बोबडं झालं, उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी न घेता थेट डॉक्टर गाठावा. कुणी एवढं सांगितलं तर वारीही होते आणि औषधही चालू राहतं. न सांगितल्यानं काय होतं? एकदा त्रास होतो आणि माणूस म्हणतो, ही गोळी आपल्याला मानवत नाही.

आता रमजानकडे येतो. भाईजान शिंपी आहे. शेरवानी, पठाणी, सदरे. रमजान म्हणजे त्याचा सुगीचा महिना. दिवसा रोजा, रात्री तरावीह, तिथून दुकान, सहरीपर्यंत मशीन. एका वर्षी त्यानं ईदच्या आधी द्यायचे म्हणून दोनशे जोड कबूल केले. कारागीर दोन. उधारीवर थानांमागून थानं आणली. तिसऱ्या आठवड्यात दुकानाच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सदरे वाटू लागला. मोहल्ल्यात लोक म्हणाले, "क्या दिल पाया है!" जकातीचा महिना, दानाचं पुण्य सत्तर पट, कुणाला शंका येणार? उन्माद धार्मिकपणाचे कपडे घालून आला की तो ओळखणं फार अवघड जातं. हिंदू घरांतही हेच बघतो. रात्ररात्र जप करणारा, अचानक सारं दान करायला निघालेला मुलगा आधी 'सात्त्विक' ठरतो. भाईजानचं कर्ज फिटायला तीन वर्षं लागली. भाभीच्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच.

त्यानं त्या रमजानमध्ये गोळ्या सोडल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाला, "गोली खाके नींद आती, काम कब करना?" पण खरं कारण त्याहून आतलं होतं. दिवसाच्या गोळीसाठी रोजा सोडावा लागला असता आणि मग लोकांनी विचारलं असतं, रोजा का नाही? कुराणात आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्याची सवलत स्पष्ट दिलेली आहे. नंतर दुसऱ्या दिवसांत भरून काढावा, तेही जमणारं नसेल तर गरिबाला जेवण द्यावं. सवलत आहे, पण ती वापरायची तर आजार आहे हे चारचौघांत कळतं. मधुमेह असलेला माणूस सरळ सांगतो, शुगर आहे. मनाचा आजार असलेल्यानं काय सांगायचं? पुढं एका वर्षी भाईजाननंही 'शुगर आहे' असंच सांगून टाकलं. झालं काय, की ईदला सगळ्यांच्या घरी त्याच्यापुढची शीरखुर्म्याची वाटी उचलली जाऊ लागली. आजतागायत चोरून खातो.

रमजान आणि बायपोलर यांवर अभ्यासही झाले आहेत. मोरोक्कोतल्या कासाब्लांका इथल्या डॉक्टरांनी लिथियम घेणारे वीस रुग्ण पाहिले. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. रमजानच्या काळात ४५ टक्क्यांचा आजार उलटला, बहुतेक वेळा उन्मादाकडं. आणि रक्तातल्या लिथियमच्या आकड्याशी त्याचा संबंध दिसला नाही. संशय गेला तो झोपेवर, दिनक्रम उलटापालटा होण्यावर. दहा वर्षांनी, २०१० साली, पेशावरच्या डॉक्टरांनी ६२ रुग्णांचा अभ्यास छापला. तिथं रोज्यांमुळं लिथियमची पातळी फारशी बदलली नाही आणि रुग्णांची तब्येतही बिघडली नाही. एक चटका देणारा, दुसरा धीर देणारा. दोन्ही वाचून मी एवढंच समजलो, की 'रोजा ठेवायचा नाही' असा सरसकट हुकूम नको आणि 'अल्लाह बघून घेईल' हेही नको. महिनाभर आधी डॉक्टरांकडं जावं. दिवसाची गोळी इफ्तारनंतर एकदम घेता येते का, रक्त कधी तपासायचं, रात्री किती तास झोपायचंच, हे ठरवून घ्यावं. भाईजानच्या डॉक्टरांनी रोज्यापेक्षा रात्रीच्या मशीनवर बंदी घातली. ती पाळणं त्याला जास्त जड गेलं.

झोपेची गोष्ट सर्वांनाच लागू आहे, बरं का. गणपती विसर्जनाची रात्र, जागरण-गोंधळ, उरुस, कव्वाली, लग्नघरातली आठवडाभराची धावपळ. आपले सगळे आनंद रात्री जागूनच साजरे होतात. ज्याच्या आजाराला एक जागलेली रात्र ढकलून देऊ शकते, त्याला अकरा वाजता घरी पाठवणं याला आपल्याकडं 'माणूसघाणेपणा' म्हणतात.

सगळ्यांत जास्त गोळ्या मला वाटतं लग्नांपायी थांबतात. मुलाचं लग्न करून टाका, डोकं ठिकाणावर येईल, हा सल्ला सर्व धर्मांत सारखा मिळतो. मग बघाबघीच्या काळात फाइल गव्हाच्या कोठीत जाते, गोळ्या पाकिटातून काढून जीवनसत्त्वाच्या बाटलीत जातात. लग्नानंतर नवी सून किंवा नवा जावई समोर असताना गोळी घेणार कशी? बंद. कायदाही डोक्यात असतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा असो की मुस्लिम स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा १९३९ चा कायदा असो, दोन्हींत मनोविकाराचा उल्लेख आहे. पण नुसतं निदानाचं नाव पुरत नाही; आजार किती तीव्र आहे आणि त्यासह संसार होऊ शकतो का ते पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं हिंदू विवाह कायद्याखालच्या एका खटल्यात १९८८ सालीच सांगितलं. ते कोर्टात राहिलं, मांडवापर्यंत आलं नाही.

बायकांचं आणखी अवघड. पुरुषाच्या गोळीची वेळ बायको सांभाळते. बायकोच्या गोळीची वेळ कोण सांभाळतो? वजन वाढलं म्हणून बोलणी बसतात. दिवस गेल्याचं कळलं की सासरचे एका रात्रीत सगळ्या गोळ्या बंद करतात. यात एक खरी गोष्ट मिसळलेली आहे. व्हॅलप्रोएट नावाचं या आजारातलं एक औषध गर्भाला अपाय करू शकतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. पण म्हणूनच बोलणं आधी व्हायला हवं, मूल हवं असं ठरतं तेव्हा. औषध बदलता येतं. एकदम थांबवलं तर पुढच्या काही महिन्यांत आजार उसळण्याची शक्यता फार वाढते आणि बाळंतपणानंतरचे आठवडे तर या आजारात सर्वांत नाजूक असतात.

आणि घरच्यांचा जाच? तोही कारण आहे. "गोळी घेतली का?" हा प्रश्न मायेनंही विचारता येतो आणि पोलिसासारखाही. भाईजान जरा मोठ्यानं हसला की घरातले एकमेकांकडं बघायचे. तो म्हणायचा, मला आता साधा रागही येऊ देत नाहीत, लगेच गोळीची चौकशी. काही घरांत चहात गोळी कुटून घालतात. ज्या दिवशी हे उघड होतं, त्या दिवसापासून रुग्ण चहाही सोडतो.

बाबा, मांत्रिक, आमिल यांच्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बाहेरचं आहे, करणी आहे, साया आहे, असं म्हटलं की कुटुंबाला एक सोय होते. दोष कुणाच्या रक्तात नाही, बाहेरून आला. त्यासाठी मी त्यांना हसत नाही. पण ६ ऑगस्ट २००१ विसरता येत नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवत त्या शेडला पहाटे आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. येरवडा आणि एरवाडी, नावं कानाला जुळी वाटतात, म्हणून ती बातमी आमच्या भागात पहिल्यांदा भलतीच पसरली होती. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं गुन्हा ठरवला आहे.

दुसरी वाटही आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथं मीरा दातार यांचा दर्गा आहे. तिथं २००८ पासून एका संस्थेनं सरकारी मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीनं 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालवला. मुजावरांना आजाराची लक्षणं शिकवली. आलेल्या माणसाला मुजावर म्हणतो, दुआ मी करतो, दवा तिकडून घे. मुजावरानं सांगितलेली गोळी माणूस टाकत नाही, हे त्यातलं मर्म. देवळाच्या पायरीवरही हे जमेल. डॉक्टर आणि पुजारी एकमेकांना बघून नाक मुरडतात, तोवर रुग्ण दोघांमधल्या रस्त्यावर असतो.

देशपातळीवरचे आकडे थोडक्यात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के उपचाराबाहेर आढळले. (बारा राज्यांतली पाहणी होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता.) २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क झाला, विम्यानं शारीरिक आजारासारखंच याला धरावं असंही त्यात आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही मोफत सेवा आहे. फोन घरातून करता येतो, बसथांब्यावर उतरावं लागत नाही. हे शेवटचं छोटं वाटेल, पण भाईजान पहिली सहा वर्षं घराशेजारचं रुग्णालय सोडून दोन बस बदलून हडपसरला खासगी डॉक्टरकडं जात होता. कारण एकच, इथं ओळखीचं कुणी बघेल.

आता माझ्या जातीच्या लोकांविषयी. जात म्हणजे कवींची. उर्दूत 'जुनून' आणि 'दीवानगी' हे कौतुकाचे शब्द आहेत. मराठीतही 'वेड' लागल्याशिवाय कला येत नाही असं आपण सहज म्हणतो. त्यामुळं लिहिणाऱ्याला गोळी नको असते, ती आतला झरा आटवेल अशी धास्ती. लिथियमचा पद्धतशीर अभ्यास १९५४ पासून डेन्मार्कच्या मोगेन्स स्को यांनी केला. त्यांच्या स्वतःच्या भावाला वारंवार उलटणारं नैराश्य होतं. १९७९ साली त्यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारून पाहिलं. बारांनी सांगितलं काम वाढलं, सहांनी सांगितलं फरक नाही, सहांनी सांगितलं कमी झालं.

आमच्या कविमंडळातल्या एका तरुणाला मी हे सांगितलं. तो धानोरीला राहतो, वर्षभर गोळ्या धरसोड करत होता. त्यानं लगेच विचारलं, "चाचा, आणि मी त्या शेवटच्या सहांतला असलो तर?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, हे मला नको, डॉक्टरांना विचार. पण गोळी बंद करून नव्हे, चालू ठेवून विचार. त्यानं विचारलं. हात कापतो, शब्द सुचायला उशीर लागतो, असं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मात्रा थोडी उतरवली, महिन्यानं पुन्हा तपासलं. आतापर्यंत कुणी त्याला हे विचारलंच नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. त्या पावसाळ्यात त्यानं दिवाळी अंकाला दोन कविता पाठवल्या. एक साभार परत आली.